कुलपाची दुसरी किल्ली

विजेच्या भट्टीत शिरण्याआधी दुरुस्तीवाला मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचा. आत माणूस असताना कुणी वीज सोडू नये, म्हणून ही रीत. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. त्या भरवशावर तो आत उताणा पडून जळालेल्या कॉइली बदलायचा आणि वर बेसूर गाणी म्हणायचा.

त्या दिवशी काम उरकून तो बाहेर आला, तर खिसा फाटलेला आणि किल्ली गायब. "आणा कटर," तो वैतागून म्हणाला.

"कटर कशाला, दाजी?" भट्टी चालवणारा त्याचा मेहुणा लगबगीने पुढे आला. दाजींनीच शब्द टाकून या दिवट्याला इथे चिकटवलं होतं. त्याने आपल्या जुडग्यातली एक किल्ली लावली. कुलूप उघडलं. आपण काय करून बसलो ते मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"ही कधी केलीस?"

"ताईकडे जेवायला आलो होतो तेव्हा. तुमच्या शर्टातून घेतली होती. तुम्ही फार वेळ लावता, इकडे साहेब माझ्या डोक्यावर बसतात."

"वापरलीस?"

"एकदाच! तुम्ही आत नव्हता तेव्हा."

"वाकून पाहिलं होतंस?"

मेहुणा जुडग्याशी चाळा करत राहिला.

"गाणं ऐकू येत नव्हतं, दाजी."