तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या

नोकरीत खून पाहिले, दरोड्यांचे तपास केले. तरी कुणी जुनी केस सांगा म्हटलं की मला आजही आधी आठवतो तो एका अपार्टमेंटचा पॅसेज आणि फरशीवर पसरलेली माती.

श्रावण महिना होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच फोन आला. बाजारपेठेमागच्या अपार्टमेंटचे चेअरमन बोलत होते. कापसाचे व्यापारी, गावात वजन असलेले गृहस्थ.

"साहेब, आमच्या तिसऱ्या मजल्यावर करणी झालीय. कुंड्यांत पुरलेलं निघालंय, दिवा, कुंकू, मांसाचे तुकडे. आत्ताच्या आत्ता या."

हवालदाराला घेऊन मी पोहोचलो. पॅसेजमधल्या शोभेच्या कुंड्या आडव्या पडल्या होत्या, माती दारापर्यंत आली होती. पण दिवा नव्हता, कुंकू नव्हतं, मांसही नव्हतं. चेअरमननी ते सगळं झाडून टाकायला लावलं होतं.

"अहो, पोलिसांना बोलावलंत आणि पुरावा फेकून दिलात?"

"बायाबापड्या घाबरल्या, साहेब. समोरच्या घरातली पोरगी तापाने फणफणलीय."

मग त्यांनी एका बंद दाराकडे बोट केलं. तिथे सरकारी रुग्णालयातली एक परिचारिका भाड्याने राहत होती. धडगावकडच्या डोंगरातली, पावरा समाजाची. तिचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांपूर्वी आले होते. फ्लॅटमध्ये जीव घुसमटतो म्हणून ते दिवसभर पॅसेजमध्ये बसत. एवढ्यावरून बिल्डिंगने ठरवून टाकलं होतं की म्हातारा भगत आहे, करणी करणारा मांत्रिक.

सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार तयार होती. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवा आणि त्यांना बाहेर काढा. मी नोंद घेतली, पंचनामा केला आणि पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं.

"दुपारपर्यंत देतो," चेअरमन म्हणाले.

परिचारिकेचा जबाब ठाण्यात घेतला. ती ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांतच आली होती. शेजारच्या बाकावर वडील, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"कुंड्यांत कुणी काय पुरलं, माहीत आहे?"

"आम्ही नाही पुरलं, सर."

"मी ते विचारलं नाही. कुणी पुरलं ते माहीत आहे का?"

तिने वडिलांच्या डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग एवढंच म्हणाली, "बाबांचा दुसरा डोळा पुढच्या आठवड्यात आहे. तोवर घर सोडायला लावू नका. या गावात आम्हाला खोली मिळायला चार महिने लागले होते."

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. ही कमी बोलत होती. तिला काहीतरी माहीत होतं, पण ते स्वतःसाठी दडवत नव्हती असं मला वाटलं.

संध्याकाळी चेअरमन आले. फुटेज नव्हतं. म्हणाले, उंदरांनी वायर कुरतडली. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, केसबिस नको आता. बिल्डिंगचं नाव खराब होतं. तुम्ही फक्त त्या बाईला घर खाली करायला सांगा, मिटलं."

मला तिथेच शंका आली. ज्याला खरोखर करणीची भीती वाटते, तो पोलिसांच्या मागे लागतो. शोधा, खणून काढा म्हणतो. या माणसाला सकाळी तपास हवा होता आणि संध्याकाळी नको होता. मधल्या वेळात त्याने काय पाहिलं?

हवालदाराला मी कचऱ्यामागे लावलं. झाडणाऱ्या बाईने ती पिशवी इमारतीमागच्या उकिरड्यावर टाकली होती. हवालदाराने ती माझ्या टेबलासमोर वर्तमानपत्रावर उलटी केली आणि हसायलाच लागला.

"साहेब, हाई मांस? हाई ते गंगाफय शे!"

गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी आणि साली. कणकेचा विझलेला दिवा. जाड, खरपूस पोळीचे तुकडे. मी एक तुकडा उचलून वास घेतला आणि आईची आठवण झाली. तो कानबाईचा रोट होता.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिचा रोट भाऊबंदांतच खायचा आणि पुनवेच्या आत संपवायचा. त्याचं खरकटं किंवा हात धुतलेलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत पुरायचं. आमच्या मागच्या अंगणात तो खड्डा मीच खणत असे. घरातला पहिला पदवीधर म्हणून पुढे माझं कौतुक झालं, वर्दी मिळाली, प्रमाण मराठी आली. पण त्या केसचा उलगडा कॉलेजात शिकलेल्या कशानेही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमन पेढीवर गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. तेही तिसऱ्याच मजल्यावर राहत. त्यांची आई भाजी निवडत होती. मी टोपी काढून समोर खाली बसलो.

"माय, औंदा कानबाई कोठे बसनी व्हती?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "गावले, मन्हा मोठा पोरनाघर. मी मन्हा वाटाना रोट आठे लई उनू." आपल्या वाट्याचा रोट ती गावाहून इथे घेऊन आली होती.

"मंग उष्टं पानी कोठे टाकं?"

"आठे माटी कोठे शे, भाऊ? गटारमा टाकाना धरम नही. त्या कुंड्यासमा पुरं. पोऱ्या रागे भरस, फरशी खराब व्हस म्हनस, म्हनीसन कोनले सांगं नही." म्हणजे तिनेच ते कुंड्यांत पुरलं होतं, मुलाच्या धाकाने लपवून. मग भाजी बाजूला ठेवून तिने विचारलं, "का बरं? काय व्हयनं?"

तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. जे झालं ते मी सांगितलं.

चेअरमनना बोलावून घेतलं. त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तक्रार घाईने दिली होती, फुटेज नंतर पाहिलं होतं, त्यात पुरणारी आई दिसली होती आणि रात्री कुंड्या पाडणारी मांजरं. "मन्ही मायनं नाव पोलिसमा नका आनू, साहेब. तक्रार मागे घेतो. इथेच लिहून देतो."

मी परिचारिकेलाही तिथेच बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजींना मी पाहिलं होतं, सर. त्यांनी दिव्याला हात जोडले, मग माती लोटली. देवाचं काम होतं. आमच्याकडेही देवाचं सगळं बाहेर सांगत नाहीत. मी त्यांचं नाव कसं घेणार?"

"आता तक्रार मागे घेताहेत. चालेल ना?"

"कागद तुमच्या कपाटात राहील, सर. बाबांना भगत म्हणाले ते पॅसेजमध्ये, सगळ्यांसमोर."

चेअरमन माझ्याकडे बघू लागले. मी कायद्याने त्यांच्यावर माफीची सक्ती करू शकत नव्हतो. खोटी माहिती दिल्याबद्दल काय कारवाई होऊ शकते, एवढं मात्र शांतपणे समजावून सांगितलं.

त्या रविवारी माफीसाठी सगळे तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये जमले, सगळी दारं उघडी होती. चेअरमन बोलायला उभे राहिले आणि नुसता चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत पुढे आली. "मी पुरं व्हतं ते. आते बोल, मन्हा राजा. त्या मानूसले आयकू येस, दिसत नही फक्त." मग ते बोलले. हात जोडून बोलले. म्हाताऱ्या बाबांनी लेकीला पावरी बोलीत काहीतरी विचारलं, तिने सांगितलं, आणि त्यांनी एकदा मान डोलावली.

त्या केसपासून मी एक पद्धत ठेवली. खोटा आळ ठाण्याच्या चार भिंतींत मिटवून घेतला नाही. ज्या दारासमोर, ज्या लोकांदेखत माणसाकडे बोट दाखवलं गेलं, तिथेच आणि त्यांच्यादेखतच ते खाली आलं पाहिजे. त्याला अर्धा तास जास्त लागतो. पण त्यानंतर तो माणूस आपल्या घराचं कुलूप मान वर करून उघडतो.