थोरांच्या नावावर खपवलेलं वाक्य

ज्याला मी काम शिकवलं तोच माझा साहेब झाला, त्या वर्षी मी यशस्वी माणसांची चरित्रं वाचायला लागलो. तोवर मी वाचणाऱ्यांतला नव्हतो. आमचं घर तीन पिढ्यांपासून हैदराबादचं. घरात मराठी, गल्लीत दखनी, ऑफिसात तेलुगू आणि शाळा सगळी इंग्रजीतून. मराठी वाचताना जोडाक्षर आलं की मी अडखळायचो. पण आपलं नेमकं काय चुकतंय हे कुणीतरी सांगावं असं फार वाटत होतं, आणि ओळखीच्या माणसाला विचारायची लाज वाटत होती. रविवारी आबिड्सला बंद दुकानांसमोर फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात. तिथे उकिडवा बसून मी उद्योगपती, शास्त्रज्ञ, खेळाडू, जो हाताला लागेल तो घरी आणू लागलो.

रोज सकाळी चहाबरोबर दोन-चार पानं वाचायची, त्यातलं एक वाक्य निवडायचं आणि दिवसभर ते मनात धरून वागायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यं चांगली होती. माझ्या वागण्यात मात्र फरक पडला नाही. नामपल्लीच्या ऑफिसात मी पूर्वीसारखाच मान खाली घालून जात होतो आणि तसाच परत येत होतो.

एक दिवस त्यातलं एक वाक्य मी आमच्या ग्रुपवर टाकलं. काचीगुड्यातल्या मराठी कुटुंबांचा हा ग्रुप. एरवी त्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणं आणि पाणी कधी येणार याची चौकशी. माझ्या वाक्याला बारा-पंधरा जणांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुसरं टाकलं. महिन्याभरात लोक रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "आजचं फार भारी होतं बरं का." ज्याला ऑफिसात कुणी मत विचारत नव्हतं, त्याला ते केवढं वाटलं असेल ते सांगता येत नाही.

मग एकदा मला ताप आला. पुस्तक कपाटावर, उठवत नव्हतं, आणि रोजची वाक्य टाकायची वेळ टळून गेली होती. मी पडल्यापडल्या एक वाक्य रचलं आणि खाली लिहिलं, 'एका यशस्वी उद्योजकाच्या आत्मचरित्रातून'. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त हात जोडले गेले. मला हसू आलं. पुढे पुढे तर आठवड्यातली तीन-चार वाक्यं माझीच असायची. यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. चांगलंच तर सांगतोय, नाव कुणाचं का असेना.

आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक काकू राहायच्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. काकू माझं प्रत्येक वाक्य एका जाड वहीत उतरवून घेत. एकदा त्यांनी मला ती दाखवली होती. तारीख, वाक्य आणि खाली 'उद्योजक' किंवा 'शास्त्रज्ञ', सगळं फळ्यावरच्यासारख्या अक्षरात. "माझ्या वर्गात रोज सुविचार लिहून घ्यायचे मी मुलांकडून," त्या म्हणाल्या. "आता मीच विद्यार्थिनी. तू माझा मास्तर." मला संकोच वाटला. पण ऐकायला गोडही लागलं.

त्या जानेवारीत, नुमाइश, म्हणजे आमच्याकडचं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, चालू होती तेव्हाची सकाळ मला स्वच्छ आठवते. मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो आणि मांडीवर मोबाइल होता. बायको स्वयंपाकघरातून हाका मारत होती. गिझर बघा, डबा राहिला, संध्याकाळी मुलांना नुमाइशला न्यायचंय, विसरू नका. तिसऱ्या हाकेला मी चिडलो आणि चिडूनच टाइप केलं, 'ज्याला पुढे जायचं आहे, त्याने मागून येणाऱ्या हाकांना ओ देऊ नये. एका जगप्रसिद्ध उद्योगपतीचे बोल.' पाठवलं, डबा घेतला आणि गेलो. मुलांना नुमाइशला नेलं, त्यांना पाळण्यात बसवलं. वाक्य कधीच विसरलो होतो.

पाच-सहा दिवसांनी जिन्यात काकू भेटल्या. चेहरा ओढलेला. विचारलं तर म्हणाल्या, "नांदेडची बहीण गेली माझी."

त्यांना बहीण होती हेच मला ठाऊक नव्हतं. त्या पायरीवर बसल्या, मीही बसलो. मग त्यांनी सांगितलं ते असं. आई अखेरची आजारी होती तेव्हा या थोरल्या बहिणीने काकूंना वेळेवर कळवलं नव्हतं. शाळेच्या परीक्षा चालू आहेत, उगाच परेशान व्हायला नको, असं तिचं म्हणणं. काकू नांदेडला पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. एकोणीस वर्षं. आणि आता भाच्याचा फोन आला होता, "मावशी, आई तुझं नाव घेतेय. येऊन जा."

"मी बॅग भरली होती रे," काकू म्हणाल्या. "सकाळच्या गाडीने निघणार होते. पण मन मानत नव्हतं. तेवढ्यात तुझं ते वाक्य आलं. मागून येणाऱ्या हाकांना ओ देऊ नये. मी म्हटलं, एवढा मोठा माणूस, जग बघितलेला, तो उगाच नाही म्हणणार. बॅग उघडली. कपडे पुन्हा कपाटात ठेवले. तिसऱ्या दिवशी ती गेली."

मी काय बोललो? "देवाची इच्छा, काकू," असलं काहीतरी.

"तू वाईट वाटून घेऊ नको," त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "त्या वाक्यानेच धीर आलाय मला. नाहीतर फार जड गेलं असतं."

खरं सांगायचं तर ते तेव्हाच, त्या पायरीवरच सांगायला हवं होतं. मी उठलो, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि वर आलो.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर वाक्य टाकणं बंद केलं. आठवडाभर लोकांनी विचारलं, मग विसरले. मी मात्र येता-जाता काकूंचं दार टाळू लागलो. ऑफिसला जाताना पहिला मजला आला की बूट वाजू नयेत म्हणून पाय दाबून उतरायचो. बायकोला सारं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कशाला सांगता आता? गेलेली बाई परत येणार आहे का?"

तिचं ऐकायला हवं होतं. पण मला माझं ओझं उतरवायचं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी मी खाली गेलो. काकू पंख्याखाली बसून आंब्याच्या फोडी करत होत्या. मी उभ्यानेच बोलून टाकलं. ते वाक्य कुठल्या उद्योगपतीचं नव्हतं. बायको गिझर बघायला हाका मारत होती म्हणून मी रागात लिहिलं होतं. आणखीही बरीच वाक्यं अशीच माझी होती.

काकूंचा हात थांबला. सुरी त्यांनी ताटात नीट ठेवली.

"गिझरसाठी?" त्यांनी विचारलं.

"हौ, काकू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शाळेत त्यांच्यासमोर चूक कबूल करणाऱ्या मुलांकडे त्या अशाच बघत असतील असं मला वाटलं, आणि आता रागावतील, मग मोकळं होईल, अशी आशाही वाटली. पण त्या रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी कुणाच्या सांगण्यावरून गेले नाही रे?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"इतके दिवस मला वाटायचं, कुणीतरी शहाणा माणूस माझ्या बाजूने आहे. चुकलं असेल, पण एकटीचं नाही. आता ती बाजूही राहिली नाही." मग त्यांनी विचारलं, "तू हे मला का सांगितलंस?"

मनात खरं उत्तर आलं होतं. मला झोप लागावी म्हणून. ते तोंडातून निघालं नाही. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले, रागाने नव्हे, नकळत. "जा तू आता," म्हणाल्या, "मुलं वाट बघत असतील."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी त्यांच्याकडून दोनदा काहीतरी काढून घेतलं होतं. पहिल्यांदा अजाणता, आणि दुसऱ्यांदा पुरतं समजून, माझ्या सोयीसाठी.

नंतर त्या भेटल्या की बोलायच्या. मुलांची चौकशी, गच्चीवरच्या टाकीची तक्रार, सगळं पूर्वीसारखं, फक्त वहीचा विषय कधी निघाला नाही. बहिणीचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "काकू, नांदेडला येऊ का तुमच्याबरोबर? गाडीत सोबत होईल." "नक्को," एवढंच म्हणाल्या. एकट्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येत होतो तर त्या रिक्षातून उतरत होत्या. मी धावत जाऊन त्यांची पिशवी घेतली. या वेळी त्यांनी घेऊ दिली.

जिना चढताना मी विचारलं, "कसं झालं सगळं?"

"भाच्याने केलं नीट," त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या चढून दम घ्यायला थांबल्या. "तिची खोली तशीच ठेवलीय त्यांनी. पलंगाशेजारी एक खुर्ची होती. भाचा म्हणाला, आईने ती माझ्यासाठी ठेवायला लावली होती, मी आले तर बसायला. तिथे कुणाला बसू देत नव्हती."

त्यांनी कुलूप उघडलं. मी पिशवी आत ठेवली आणि वर निघून आलो.