आबांचं भूत गप्प का बसलं

“नाना, भुताला चोर कोण ते पहिल्यापासून माहीत आहे. त्याला बोलताही येतं. मग ते शेवटच्या पानापर्यंत गप्प का बसतं?”

नाना म्हणजे आमचे प्रकाशक. जळगावात त्यांचा धंदा शाळेच्या गाईडांचा. मी तिथे संपादक. आलेली हस्तलिखितं वाचायची आणि छापावं की नाही ते सांगायचं, हे माझं काम. थोडक्यात, वाचकाच्या आधी कंटाळण्याचा मला पगार मिळतो.

किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्यांची मालिका काढू या, म्हणून मी नानांच्या हात धुऊन मागे लागले होते. शेवटी ते तयार झाले, पण अट घालून. पहिलं पुस्तक पडलं तर मालिका बंद आणि मी परत भूगोलाच्या गाईडवर. त्या पहिल्या जागेसाठी नानांनी माझ्या टेबलावर ही भुताची रहस्यकथा ठेवली. मला लहानपणापासून भुतं आवडतात. मोठ्या आशेने उघडली.

कथा अमळनेरच्या एका बंद तेल मिलमधली. सुरुवात झकास होती. मग मिलमध्ये धुकं शिरलं. मे महिन्यात, अमळनेरात. नववीतली मुलं एकमेकांना ‘डिअर फ्रेंड’ म्हणू लागली. भूत होतं मिलच्या जुन्या वॉचमनचं. मुलं त्याला आबा म्हणायची. आबा रोज भेटायचे, गप्पा मारायचे, आणि देवळातली मूर्ती कोणी चोरली ते सोडून सगळं सांगायचे. माझं रडायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

“हे छापता येणार नाही, नाना.”

“लेखकाचं नाव बघितलं का?”

बघितलं नव्हतं. मी नाव शेवटी बघते, म्हणजे मन आधीच कलत नाही.

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मना जवाई शे तो.”

धोंड्याचा महिना चालू होता. या अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं असतं. काय हवं ते नानांनी हौसेनं विचारलं, आणि जावई म्हणाले, एक कादंबरी लिहिली आहे. चांदीचं ताट मागितलं असतं तर माझी दुपार वाचली असती.

“मग तुम्हीच सांगा त्यांना,” मी म्हटलं.

“मी? जावयाला? तेही धोंड्याच्या महिन्यात? तू सांग. तू काही त्याच्या सासरची नाहीस.”

मी एसटीने धुळ्याला गेले. जावई हेमंत सर देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवतात. नानांची मुलगी मनीषा हिने चहा ठेवला. मी धुक्यापासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. सर म्हणाले, धुकं काढतो. मग मी भुताचं विचारलं.

सरांनी कपबशी बाजूला सारली. “मला लिहितानाच कळलं होतं, मॅडम. पण नाना म्हणाले, फर्स्ट क्लास. सासऱ्यांना कसं सांगणार, नका छापू म्हणून?”

“नानांनी वाचून आईला सांगितलं होतं, फार बोर आहे,” मनीषा म्हणाली. “आईनं मला सांगितलं. मलाही तसंच वाटलं होतं.”

“मग कोणी बोललं का नाही?” सरांचा चेहरा उतरला होता.

“बठ्ठासले माहीत व्हतं. पन जवाईले कोन सांगी?” मनीषा अहिराणीवर आली. सगळ्यांना माहीत होतं, पण जावयाला सांगणार कोण?

मी कप खाली ठेवला. “सर, तुमच्या गोष्टीतला चोर कोण?”

“मिलचा मॅनेजर.”

“त्याला आबांचा जावई करा.”

मनीषा हसली. सर हसले नाहीत. ते उठून पेन शोधायला गेले.

नवीन मसुद्यात आबा तितकेच बोलतात, पण आता प्रत्येक गप्पेत भीती आहे. चोराचं नाव घेतलं तर लेकीचा संसार मोडतो. शेवटी ते नाव सांगतात, पण आधी लेकीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहतात. ते पान वाचताना मी खरंच रडले.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं ताट मिळालं. पुस्तक नंतर आलं, शाळांच्या लायब्ररींनी घेतलं, मालिका चालू आहे. या धंद्यात मी एवढंच शिकले, की लेखकाला धुकं आणि भुतं लांबून आणावी लागत नाहीत.

छापून झाल्यावर नानांनी पुस्तक पुन्हा वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“यातला सासरा कुणावरून घेतला गं?”

मला माहीत होतं. मला बोलताही येतं. मी म्हटलं, “चहा सांगू का, नाना?”