ओरडणारा रेंच

शारजात आमच्या अवजारांच्या दुकानात एक मेकॅनिक अंगठा बोटांवर घासत आला. अपघातानंतर त्या हाताला बोल्ट किती आवळला ते कळत नव्हतं. काम जमलं नाही, तर कंपनी त्याला चिपळूणला परत पाठवणार होती.

मी बोल्ट किती अंश फिरला ते मोजून इशारा देणारे दोन डिजिटल टॉर्क रेंच काढले. "हा घ्या, आकडा मोठा दिसतो."

"गाडीखाली आकडा कोण बघतंय, ताई? जोरात ओरडणारा द्या."

त्याने डोळे मिटून दोन्ही रेंचनी बोल्ट आवळून पाहिला. ठरवलेल्या नव्वद अंशांवर दुसरा रेंच किंचाळला, तसा तो हसला.

काही महिन्यांनी तो परत आला. रेंच बिघडला असणार, म्हणून मी आधीच वॉरंटी कार्ड मागितलं.

"कार्ड कशाला? बॅटरी द्या. ओरडून ओरडून खलास झाली."