देवमाशाच्या पोटातले जंत

चिमूरच्या बसस्टँडवर मी पोस्टर चिकटवत होतो, हात खळीनं माखलेले. चंद्रपूरहून आलेल्या मित्रानं गाडीतून उतरताच सांगितलं, "रामटेके सर गेले."

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत आमच्यासोबत नारूविरोधी प्रचाराला खेड्यांत यायचे. पिशवीत काचेची एक बरणी असायची. कोकणच्या किनाऱ्यावर मरून पडलेल्या देवमाशाच्या पोटातले पांढरे, दोऱ्यासारखे जंत तिच्यात होते. मला त्या बरणीचा राग यायचा. इथं माणसांच्या पायांतून नारूचा हातभर जंत निघतोय, सरकार पायऱ्यांची विहीर बंद करत नाही, आणि यांचं काय तर समुद्र!

मग एका गावात पार्वताबाई भेटल्या. घोट्याजवळच्या फोडातून नारूचं टोक बाहेर आलेलं, पाय लुगड्याखाली झाकलेला. देवीचा कोप म्हणून घरात सगळे गप्प. तोच पाय घेऊन त्या रोज विहिरीत उतरत होत्या. नारू त्या पाण्यात पिल्लं सोडणार, तेच पाणी गाव पिणार, आणि वर्षभरानं अख्खं गाव खाटेवर. मी तावातावानं पत्रक वाचायला लागलो. सर म्हणाले, "भाषण मंग देजो." ते बाईंसमोर जमिनीवर बसले आणि बरणी दाखवत सांगू लागले. समुद्रातल्या बारीक झिंग्यांतून हे जंत माशाच्या पोटात गेले. विहिरीतल्या त्याहून बारीक किड्यांतून नारू आपल्या पोटात जातो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्यायलं, की ते किडे फडक्यातच अडकतात.

बाईंनी बरणी फिरवून पाहिली. "केवढा होता मासा?"

"तुमच्या घरात मावला नसता."

"अन् त्यानं कोन्या देवीचं काय बिघडवलं होतं?"

"मी बी तेच इचारून राह्यलो, बाई."

बाई हसल्या. पाय लुगड्याबाहेर आला. "पन मी नाई उतरली तं पानी कोन आनन? तुमी?"

"आनतो ना."

आणि सरांनी खरंच पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन आणला. विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून बाईंचा नवरा पाण्याला जाऊ लागला, लाजेकाजेस्तव का होईना. नारू पुरा निघेपर्यंत बाई विहिरीकडे फिरकल्या नाहीत.

विहीर अजून बंद झालेली नाही. त्यासाठी भांडण चालू आहे, चालूच राहील. सर गेल्याचं सांगायला मागच्या आठवड्यात बाईंकडे गेलो. त्या उठल्या, धुतलेलं फडकं दुहेरी करून माठाच्या तोंडावर ताणलं आणि पाणी ओतू लागल्या. धार बारीक होती. मी उन्हातून आलो होतो, हात पुढं केला.

"घाई नोको करू, भाऊ," त्या म्हणाल्या. "बिनागाळलेलं देऊ देल्लं असतं काय त्यायनं?"