मधूच्या अठ्ठेचाळीस स्लाइड्स

मधुमती पांढरीपांडे माझी जिवलग मैत्रीण आहे आणि तिचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक केलं तरी कुणी फसायला नको.

आम्ही दोघी एकाच वर्षी इंग्लंडला, लीड्सला आलो, ती नागपूरहून, मी पुण्याहून. पीएचडी एकाच लॅबमध्ये, विषयही एकच: फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब. या आजारात फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात आणि त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं. माणूस चार पायऱ्या चढला तरी धापा टाकतो, आणि लोक त्याला व्यायाम कर म्हणतात. मधूच्या मावशीला घरचे जन्मभर आळशी म्हणत आले. ती गेल्यावर आजाराचं नाव कळलं. झालं, हिला आयुष्यभराचं काम मिळालं. माझी मावशी ठणठणीत आहे.

मी दर तीन वर्षांनी विषय बदलला, जिकडे ग्रँट तिकडे मी. मधू एकाच औषधाला अकरा वर्षं चिकटून बसली. तीनदा तिची ग्रँट नाकारली गेली. तिन्ही वेळा मी तिला धीर दिला आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं. चौथ्यांदा मिळाली, तेव्हा जेवणच गेलं नाही. या आजाराच्या क्लिनिकमधले पेशंट तिच्यावर जीव टाकतात. हडर्सफील्डची एक म्हातारी तर तिच्यासाठी हातमोजे विणून आणते. मला कुणी सुतळीचा तोडाही आणलेला नाही.

गेल्या वर्षी त्या औषधाचं नशीब माझ्या हातात आलं. हाच आजार जडवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांच्या अठ्ठेचाळीस स्लाइड्स होत्या. निम्म्या उंदरांना औषध दिलेलं, निम्म्यांना नुसतं पाणी. कुठली स्लाइड कुठल्या उंदराची हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. वर फक्त नंबर, आणि यादी आमच्या टेक्निशियनच्या, प्रणवच्या, कपाटात. दोघांनी वेगवेगळं बसून भिंतींची जाडी मोजायची आणि सरासरी काढायची. पहिली मोजणारी मधू. दुसरी म्हणून तिने मला बोलावलं.

"तुझ्याइतकी बारीक नजर कुणाची नाही गं, नीना."

नजर बारीक आहेच. काही स्लाइड्स गडद होत्या, काही फिक्या. भिंती उठून दिसाव्यात म्हणून स्लाइड्स रंगवतात; तो रंग मध्येच संपला होता आणि उरलेल्या स्लाइड्स दुसऱ्या दिवशी रंगवल्या होत्या, हे माझ्या कानावर आलं होतं. मी ताडलं, आपल्या लाडक्या औषधाच्या स्लाइड्स कुणीही आधी, चांगल्या रंगात घालणार, म्हणजे गडद त्या औषधाच्या. मी तेच केलं असतं. मग प्रत्येक गडद स्लाइडला मी जाडी थोडी वाढवून लिहिली. संशय येऊ नये इतकीच.

यादी उघडली. गडद स्लाइड्स सगळ्या पाणीवाल्या उंदरांच्या निघाल्या. मी भिंती फुगवल्या त्या बिनऔषधाच्या, आणि त्यांच्या शेजारी मधूचं औषध चमत्कार दिसायला लागलं. टाळ्या पडल्या. मधूने मला मिठी मारली आणि मी तिच्या खांद्यावर मान ठेवून चरफडले.

पेपर स्वीकारला गेला. माणसांवर चाचणी करायची बोलणी सुरू झाली. एक दिवस कॉरिडॉरमध्ये ती हडर्सफील्डची म्हातारी मधूला म्हणाली, "पुट मी डाउन फर्स्ट, लव्ह." चाचणीच्या यादीत पहिलं नाव माझं घाल. तिचे ओठ निळसर झाले होते. तिथून मी सरळ मधूच्या खोलीत जाऊन बसले.

"मधू, माझी रीडिंग्ज खोटी आहेत. मी मुद्दाम वाढवली. तुझं औषध पडावं म्हणून."

"पडावं म्हणून? का गं?"

"जळते मी तुझ्यावर. वीस वर्षं झाली."

"माझ्यावर?" तिने खरंच विचारलं. तिला पत्ताच नव्हता.

आता ती ओरडेल, मला लॅबमधून घालवेल, असं मला वाटलं. तिने लॅपटॉप पुढे ओढला, बराच वेळ टाइप केलं आणि जर्नलला लिहिलेली ईमेल मला वाचून दाखवली. पेपर थांबवा, दुसरी मोजणी भरवशाची नाही. स्लाइड्स दोन वेगवेगळ्या दिवशी रंगवल्या आणि जवळच्या मैत्रिणीला सेकंड रीडर नेमलं, या दोन्ही चुका माझ्या आहेत.

"अगं, पण केलं मी!"

"स्टडी माझी आहे, नीना. रिस्पॉन्सिबिलिटी माझी." आणि तिने सेंड केलं.

उभ्या जन्मात मी एकच मोठी गोष्ट केली होती, तीही तिच्या नावावर गेली.