नाववाल्या काकांची ओळ

पितळी भांड्यावर नाव घालताना नाववाल्या काकांनी कधी पट्टी लावली नाही की पेन्सिलीची रेघ ओढली नाही. भांडं मांडीवर घ्यायचं, छिन्नी टेकवायची आणि हातोडीने टिंबाला टिंब जोडत जायचं. ओळ अशी यायची की पट्टीनंच शरमावं. भंडाऱ्यात आमच्या घराला लागूनच त्यांची ओसरी होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिकडची लग्नघरं नावं घालायला त्यांच्याकडेच येत.

स्वभाव मोठा खवचट. कुणी अक्षर वाकडं म्हटलं तर म्हणायचे, "आधी मान सिधी कर, मंग पाह्य." मधुमेहाचीही थट्टाच. "साखर माह्या रगतातच हाय, चहात कायले टाकू?" असं म्हणत बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि वर जिलबी खायचे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांचा मुलगा लांब नोकरीला, म्हणून दवाखान्यात मीच सोबत गेले. पट्टी निघाली तेव्हा समोर काकू उभ्या होत्या. "एवढ्या सुरकुत्या कवा पडल्या वो तुले?" काका म्हणाले. काकू चक्क लाजल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "भिंग बदललं, पण यांना साखर आहे. ऑपरेशननंतर मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कधी कधी पाझरू लागतात, पडद्याला सूज येते. नीट दिसत असलं तरी महिन्याने आणाच."

महिना भरला तो ऐन लग्नसराईत, आणि त्यात माझ्याच मुलीचं लग्न. "मले मुंगीचे पाय दिसून राहिले, दवाखान्यात कायले जाऊ? पोरीची भांडी होऊ दे," काका म्हणाले. मीही म्हटलं, लग्न आटोपलं की जाऊ. माझ्याही डोक्यात भांडीच होती.

शेवटी राहिला पाण्याचा मोठा गुंड. त्यावर नाव घालताना काका सारखे थांबत होते. "याची कोरच वाकडी हाय," म्हणाले. कोर चांगली सरळ होती. त्यांना वाकडी दिसणारी ओळ ते सरळ करत गेले आणि माझ्या मुलीचं नाव शेवटाकडे खाली उतरत गेलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "सिधं आलं ना, पोरी?"

लग्न चार दिवसांवर होतं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं वाटलं. "एकदम सरळ," मी म्हटलं.

"तुले सिधं दिसते, मंग सिधंच हाय," म्हणत त्यांनी छिन्नी पुसून ठेवली.

पाहुण्यारावळ्यांत आणखी दीड महिना गेला. तोवर त्यांना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मधोमध डाग दिसू लागला होता. डोळ्यात इंजेक्शनं झाली, जिलबी सुटली, थोडा फरकही पडला. पण टिंबाला टिंब जोडण्याइतकी नजर परतली नाही. "थोडं लवकर आणलं असतं तर," एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. काका ओसरीवर रिकाम्या हातांनी बसू लागले. मला ते बघवत नसे, मी मागच्या दाराने ये-जा करू लागले.

दिवाळीला मुलगी माहेरी आली, तेव्हा पोचा काढून घ्यायला तोच गुंड घेऊन आली. तिच्यासोबत मलाही ओसरीवर जावं लागलं. काकांनी गुंड मांडीवर घेतला. पहिल्या टिंबापासून अंगठा फिरवत निघाले. अंगठा हळूहळू खाली उतरत गेला आणि थांबला.

"तुले तं दिसत होतं, पोरी," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

आवाजात राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. काका त्याच हिवाळ्यात गेले. गुंडाचा पोचा निघाला, नाव तसंच आहे.